पट्टे जुळत नाहीत

३ नोव्हेंबर
—आणि दादाचं डोकं स्वेटरच्या गळ्यात अडकलं. नाकापर्यंत आलं, पुढे नाही! आतून आवाज: "स्वेटर विणतेस की पिशवी?" दोघांनी मिळून ओढून सोडवलं. कान लालबुंद. तरी हसला नाही. पाच दिवसांचं काम होतं. सगळं उसवलं.

४ नोव्हेंबर
सुरुवातीचे टाके सैल घालायचे, हे मोबाइलवर विणकाम शिकवणारी बाई व्हिडिओच्या पहिल्याच मिनिटाला सांगते. मी ते मिनिट वगळून पुढे गेले होते.

वरून खाली विणायला घेतलं त्याचं कारण एकच. असा स्वेटर सारखा अंगात घालून बघावा लागतो. म्हणजे दादाला सारखं माझ्याकडे यावं लागतं. एक जिना उतरून. वहिनी गेल्याला पाच महिने झाले, तो तेवढाही उतरत नव्हता. त्याचं शिलाईचं दुकान रस्त्यापलीकडे, खिडकीतून दिसतं. शटर तेव्हापासून बंद.

काल उतरला. अनवाणी, पण उतरला!

त्याला यातलं काही सांगायचं नाही.

७ नोव्हेंबर
लोकर वहिनीची. करडे पाच गुंडे, केशरी पाच. एकाच रंगात स्वेटर पुरा होत नाही, म्हणून पट्टे. दुकानातली काजं-बटणं तीच करायची, विणायला सवड मिळाली नाही. मी एकदा विचारलं होतं, कुणासाठी आणलीस? म्हणाली, "ज्याला मापात बसेल त्याला."

१६ नोव्हेंबर
काखेच्या खाली चार बोटं विणून झालं. दादा आला—चपला घालून! आरशाकडे पाठ केली आणि मान मोडेस्तोवर वळून बघितलं.

"पट्टे जुळत नाहीत."

पाठीच्या मध्यावर, जिथे एक फेरा संपून दुसरा सुरू होतो, तिथे प्रत्येक पट्टा पायरी चढल्यासारखा वर सरकतो. म्हटलं, गोल विणलं की तसं होतंच, बाईही सांगते.

"बाईला शिवता येतं?"

"दादा, हे विणकाम आहे."

"पट्टा तो पट्टा. असा शर्ट दिला असता तर गिऱ्हाईकाने तोंडावर फेकला असता." मग काखेत बोट ठेवून म्हणाला, "जोड इथे आण. वरचा खांद्याच्या रेषेत लपव. तिथे कोण बघतंय?"

चाळीस वर्षं शिंपीकाम. न बघता बोट बरोबर जागी पडलं.

म्हणजे पुन्हा सगळं उसवायचं. आनंदाने!

१७ नोव्हेंबर
उसवते आहे. आनंद ओसरला.

२५ नोव्हेंबर
जिन्यात पोस्टमन. "मास्तर दुकान कधी उघडणार? माझा कोट आत अडकलाय." थंडीत नुसत्या शर्टावर हिंडतो बिचारा. वर जाऊन दादाला सांगितलं.

"काजं राहिलीत त्याची," म्हणाला. "काजं कोण करणार आता?"

आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

६ डिसेंबर
धड झालं. खालची पट्टी दोनदा उगाच उसवली—बोलवायला निमित्त हवं म्हणून. आज पकडलं.

"परवाही एवढीच होती."

"चुकलं होतं माझं."

"तुझं चुकतं तेव्हा तू कुरकुरतेस. मघाशी गुणगुणत होतीस."

पण गेला नाही. चहा घेतला, माझ्या हातांकडे बघत बसला. उठताना म्हणाला, "सुई बरी धरतेस की." त्याच्या तोंडून हे म्हणजे पदवीच!

१५ डिसेंबर
डावी बाही पुरी. उजवीकडे नुसतं भोक, टाके दोऱ्यावर ओवून ठेवलेले. दादाने स्वेटर घातला, भोकातून हात काढला आणि पंखासारखा फडफडवला. हसला! सहा महिन्यांत पहिल्यांदा. काखेतला जोड आरशात तीनदा बघितला. "आता कसं!"

मग काढेचना.

"दे इकडे. उजवी बाही कशी विणू?"

"राहू दे आजचा दिवस. मापात बसलाय."

एका बाहीनिशी जिना चढून गेला.

१६ डिसेंबर
सकाळी दूध आणायला निघाले तर समोर शटर अर्धं वर. वाकून बघितलं. दादा यंत्रापाशी, अंगात एका बाहीचा स्वेटर, मांडीवर पोस्टमनचा कोट. वर न बघता म्हणाला, "सुईत दोरा ओवून ठेवलाय. तीन काजं आहेत. ये आत."

तिन्ही मी केली. पहिलं त्याने उसवायला लावलं.