पहिल्या बोंडाचा मान

माय,

तुझी नात परवा शहाणी झाली. सकाळी ती चुलीपाशी आली नाही. मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी पाहिलं तशी तिने मान फिरवली. मला काही विचारावं लागलं नाही. तेरावं वर्ष आहे तिचं. लग्न गेल्या वैशाखात लावलं. तिचे वडील अंथरुणाला खिळले होते, त्यांना ते डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि मी नाही म्हणू शकले नाही. सासरच्या माणसांनी तेव्हा एवढंच सांगितलं, की पोरगी शहाणी झाली की निरोप द्या, आम्ही गाडी घेऊन येतो. आता तिचे वडील नाहीत. निरोप द्यायचा की नाही, ते मला एकटीलाच ठरवायचं आहे. इथे अकोल्यात मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि एका साप्ताहिकात लिहिते, वाढत्या वयाच्या मुलींशी आईने कसं वागावं ह्यावर. मजकूर छापखान्यात वेळेवर जातो, कधी चुकत नाही. आज तो द्यायचा दिवस आहे. लिहायला बसले आणि कागदावर तू आलीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुला वाचताही येत नव्हतं, तरी लिहिते.

कापसाचं ते साल तुला सांगायला नको. दूर कुठेतरी साहेबलोकांच्या भाऊबंदांत लढाई लागली आहे आणि म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे, असं बाबा अमरावतीच्या बाजारातून ऐकून आले होते. त्या लढाईचं आपल्याला काय कळणार! पण नदीकाठच्या वावरात जिथे ज्वारी असायची तिथेही त्यांनी कापूस पेरला. घरात आढ्यापर्यंत कापूस. आम्ही दोघी बहिणी त्याच्यावरच झोपायचो, सकाळी तू आमच्या वेण्यांतून तूस काढायचीस, आणि वरणात पडलेला धागा बोटाने बाजूला करून जेवायचीस. ताईला तू चांदीच्या पाटल्या केल्या होत्यास. ज्वारी मात्र विकत आणावी लागायची आणि ती मिळायची नाही. ताई तेव्हा माझ्या लेकीएवढीच. उंच झाली होती, सारखी भूक लागायची तिला, तुरीच्या हिरव्या शेंगा ओच्यात भरून खायची, कारण नसताना हसायची आणि कारण नसताना रुसायची. "पोट्टे, पाय आपटत चालू नको, घर काय तुह्या बापानं एकट्यानं बांधलं?" असं तू ओरडायचीस आणि ती आणखी जोरात पाय आपटायची.

ताईचं लग्न आठव्या वर्षीच झालेलं, पूर्णेपलीकडे खारपाणपट्ट्यात. तिथे विहिरीचं पाणी खारट, प्यायचं पाणी बायका कोसावरून आणतात. तिथे पोरगी देऊ नये असं आपल्यात म्हणतात, पण जमीन पाहून बाबांनी दिली. पूर्वी असती तर शहाणी झाल्यावरही वर्ष-दोन वर्षं माहेरी राहिली असती. त्या दिवसांत मात्र वेचायला माणूस मिळेना. वेचणाऱ्या बाया मागतील तो वाटा द्यावा लागे. म्हणून ज्याने त्याने माहेरी असलेल्या सुना बोलावून घेतल्या. तुझी विहीण आपल्या ओसरीवर बसून पान खात म्हणाली होती, "आमच्याकडं यंदा वेचाले माणूस भेटणार नाई इहीनबाई, अन् आमची सून तुमच्याकडं वेचणार. हा कोणता न्याय?" तू म्हणालीस, "अजून लेकरू हाय ते." तिने ताईला खालून वर पाहिलं. "लेकरू? ह्या लेकराच्या डोक्यावर हंडा ठेवला तं चौकटीले लागते." सगळे हसले. ताईही हसली. तू नाही.

तेव्हा ताई शहाणी होऊन दोन-तीन महिने झाले होते. ते घरात फक्त तुला माहीत होतं, आणि मला, कारण मी तिच्याजवळ झोपायचे. तू तिच्या केसांना जवसाचं तेल लावत होतीस तेव्हा तिने मान खाली घालून सांगितलं. तुझा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "कोणाले बोलजो नको. कोणी इचारलं तं नाई म्हणजो. अन् उठ, भाकरी टाक." माय, तुझ्या त्या एका वाक्यात काय होतं, हे मला कळायला माझी लेक मोठी व्हावी लागली. आम्हाला पाळण्यात असल्यापासून तूच शिकवलं होतंस, की बाजूला बसलेल्या बाईने चुलीला शिवू नये, लोणच्याला नाही, वासराला नाही, उभ्या पिकाला तर नाहीच, करपतं. तू स्वतः गोठ्याच्या कोपऱ्यात बसायचीस आणि आम्ही तुला वरून पाणी ओतायचो. आणि आता तीच तू ताईला त्याच दिवसांत चुलीपुढे बसवत होतीस. तिच्या हातची पहिली भाकरी तू खाल्लीस, तिच्याकडे बघत. ती मात्र जेवली नाही.

त्याच महिन्यात आपलं वासरू मेलं. रात्री ती माझ्या कानात म्हणाली, "माह्या हातानं मेलं ते. म्या शिवली होती त्याले." मी दहा वर्षांची, मला ते खरंच वाटलं. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "जंत होते त्याले," आणि शेण भरायला निघून गेलीस. तू तिला का लपवते आहेस, हे तू तिला कधी सांगितलं नाहीस. तिला त्या खाऱ्या गावात एवढ्यात पाठवायचं नाही, एवढं एक वाक्य होतं. ताईला वाटायचं, आपल्यातच काहीतरी वंगाळ आहे, म्हणून माय त्याचं नावही काढू देत नाही.

मग सीतादही आलं. आता शहरातल्या मुलींना मला ते समजावून सांगावं लागतं: कापूस फुटला, की वेचणी सुरू करायच्या आधी बायकांनी वावरात जायचं, पाच पांढरे खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू, भोवती दहीभात शिंपायचा, आणि मग पहिलं बोंड तोडायचं. आपल्या घरी पहिल्या बोंडाचा मान न्हाण न आलेल्या पोरीचा. त्या वर्षी तो माझा होता, मला नवं लुगडंही घेतलेलं. पण ताईच्या सासूची बहीण आपल्याच गावात दिलेली होती, आणि ताई शहाणी झाल्याची तिची कुजबुज सुरू झाली होती. तिचं तोंड बंद करायला तू तो मान सगळ्यांसमोर ताईला दिलास. चारचौघींत, भर वावरात, ताईच्या हातून पहिलं बोंड, म्हणजे मग कोण काय बोलणार! डोकं तुझं नेहमीच चालायचं माय.

मला ते वावर अजून दिसतं. ऊन नुकतं अंगावर येतं आहे, माझ्या हातात दहीभाताचं गाडगं आहे, बायका गोल उभ्या आहेत, आणि तू ताईला पुढे ढकलते आहेस. "तोड वं." ताई झाडापाशी वाकते. तिचा हात बोंडापर्यंत जातो, आणि मागे येतो. तू पुन्हा म्हणतेस, "तोड, काय पाहून राहिली?" ताईने ओढणीसारखा पदर तोंडावर ओढला आहे आणि ती पदराआडून म्हणते, "माय, म्या नाई शिवत. वावर करपून जाईन." त्या सकाळीच तिची पाळी आली होती आणि तिने ते तुलाही सांगितलं नव्हतं. चुलीचं पाप तिने तुझ्या शब्दाखातर केलं. वासराचं ओझं तिने उचललं. पण एवढं सगळं पीक, बाबांची बैलजोडी, आपलं वर्ष, हे तिला तुझ्यासाठीही जाळता येईना.

तू तिच्या कानशिलात मारलीस. मग सासूची ती बहीण पुढे आली, ताईचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता काहून मारता वं पोरीले? तिनं तं वावर वाचवलं तुमचं."

आठवड्याच्या आत गाडी आली. पहिली वेचणी अर्ध्यावर होती. तू ताईची वेणी इतकी घट्ट घातलीस की तिच्या डोळ्यांचे कोपरे ताणले गेले. तिने विचारलं, "माय, म्या चुकली का?" मी शेजारी होते. तू काय म्हणतेस म्हणून मी वाट पाहिली, आजही पाहते आहे. तू म्हणालीस, "तिथं पाणी जपून वापरजो."

पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली. पोटुशी होती. नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून, वाटी-वाटीने गोडं पाणी भरत होती, तिथेच बसली आणि उठली नाही, असं तिच्या जावेने येऊन सांगितलं. तोवर साहेबांची लढाई मिटली होती. कापसाचा भाव पडला होता. ज्या वेचणीसाठी तिला घाईने नेलं, त्या वर्षीचा कापूस त्यांच्याही घरात आढ्यापर्यंत पडून होता, घ्यायला कोणी नव्हतं. तू रडलीस ते मी पाहिलं नाही. तू बाबांना म्हणालीस, "हिले मी देत नाई आता कोठी," आणि माझं ठरत आलेलं लग्न मोडून मला अमरावतीला मामाकडे शाळेत पाठवलंस. लोक तुला वेडी म्हणाले. त्या एका वेडावर माझं सगळं आयुष्य उभं आहे आणि ताईच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. त्यानंतर आपल्या वावरात सीतादही झालं नाही. ज्याचा हात पडेल त्याने बोंड तोडलं. पीक कधी करपलं नाही.

काल मी लेकीला समोर बसवून हे सगळं सांगितलं. तू जे एक वाक्य ताईला सांगितलं नाहीस, ते मी तिला सांगितलं: तुला मी एवढ्यात पाठवणार नाही. हेही सांगितलं, की लपवायचं काही नाही. मी स्वतः तुझ्या सासरी निरोप देईन की पोरगी शहाणी झाली आहे, आणि शाळा संपेपर्यंत ती येणार नाही. रागावले, दुसरी सून केली, तर ते मी बघून घेईन. तुला कोणाशी खोटं बोलायचं काम नाही. ती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मग आजीनं मावशीला का नाही सांगितलं?" भीती वाटत असेल तिला, असं मी म्हणाले. कोणाची, ते तिने विचारलं नाही.

आज दुपारी तिच्या सासरच्या गावची एक बाई बाजाराला आली होती, ती दाराशी टेकली. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली, आणि तांब्या खाली ठेवता ठेवता सहज विचारावं तसं म्हणाली, "काय वं, शहाणी झाली का नाई तुमची?" मी सुपात तांदूळ निवडत होते. काय सांगायचं ते मी काल ठरवलेलं होतं, शब्दन् शब्द. तोंड उघडलं, आणि माझ्याआधी आतून लेकीचा आवाज आला, मोकळा, हसरा, "नाही हो मावशी, मी लहान आहे अजून."

ती बाई गेली. तुला मी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, असं मी लेकीला म्हणाले नाही. रागावलेही नाही. निरोप अजून दिलेला नाही, आणि उद्या देईन असंही माझ्याने लिहवत नाही. ती आतून बोलली तेव्हा मी सुपावरची मान वर केली नाही माय. मला बरं वाटलं.