मुकादमाची गादी

३ मार्च, सोमवार

उशिराबद्दल माफी असावी. वही जानेवारीत आणली होती, रोज लिहायचं म्हणून. जानेवारीत पेन नव्हतं. फेब्रुवारीत पेन होतं तर चष्मा सापडेना. तो बायकोने माझ्याच कपाळावरून काढून हातात दिला, आणि वर हसली. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला लिहायला वेळ लागतो, एवढं वहीने समजून घ्यावं. आजपासून खंड नाही.

लिहायला कारण मुकादम. मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. माझ्या दुकानाच्या दारात बसून कारागिरांवर नजर ठेवायचा, म्हणून हे नाव. दुकान गेलं, मुकादम राहिला. आता त्याचे मागचे पाय दुखतात. फरशीवर झोपतो, उठताना कण्हतो, जिन्यात मध्येच थांबून माझ्याकडे असा बघतो, जसा काही जिना मीच बांधला.

जनावरांची डॉक्टर म्हणाली, सांधे झिजलेत. गोळ्या द्या, वजन उतरवा, खाली जाड आणि मऊ गादी घाला. मऊ म्हणे. मी उभा जन्म बस-ट्रकच्या सीटा भरण्यात घालवला आणि ही कालची पोर मला गादी शिकवते.

मेव्हण्याने तर विचारायच्या आधीच दुकानातून गादी आणून टाकली. राखाडी, केसाळ, मेंढी आडवी पडल्यासारखी. मेमरी फोम आहे म्हणे. इथे माणसाची मेमरी राहत नाही आणि फोमची राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट माळ्यावर चढवली.

बायकोने बजावलं आहे: महिनाअखेरपर्यंत मुकादमाला धड झोप लागली नाही तर ती त्याला घेऊन भावाकडे जाणार. भावाचं घर तळमजल्यावर, जिना नाही, अंगण आहे. मी म्हणालो, खुशाल जा. नंतर जेवण गेलं नाही. भाजी बिघडली असावी.

संकल्प: रविवारपर्यंत गादी तयार.

४ मार्च, मंगळवार

माझं दुकान ज्याने घेतलं त्याच्याकडेच फोम आणायला गेलो. पाटी बदलली, दिवे लावले, आत गाणी. कामाच्या ठिकाणी गाणी. मला 'काका, बसा' म्हणाला आणि बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. सीटवाल्याच्या दुकानात प्लॅस्टिकची खुर्ची. मी उभा राहिलो.

बसच्या सीटला घालतात तो कडक फोम मागितला. त्याने विचारलं, कोणती गाडी? मी म्हणालो, जुनी आहे, मागची चाकं गेलीत. त्याला काही कळलं नाही.

माझा हिशेब सरळ आहे. ड्रायव्हरची सीट मऊ केली की कंबर जाते आणि डुलकी येते. म्हणून मी कायम कडक भरली. माझ्या सीटवर बसून एकाही ड्रायव्हरला कधी डुलकी लागली नाही. हाड माणसाचं काय आणि कुत्र्याचं काय, हाडच.

फोम जिन्याने वर आणताना गुडघ्यात कळ आली. हवा बदलतेय.

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस खंड पडला, कारण काम. पोतं अंथरून शिलाईला बसलो. सुया हल्ली भोकं बारीक ठेवून विकतात. दोरा ओवायला बायकोला हाक मारावी लागली. तिने ओवला आणि विचारलं, कुत्र्याच्या गादीला रेक्झिन कशाला? मी सांगितलं, पुसायला सोपं. कडेने लाल पायपिंग केलं आहे. पायपिंग नसेल तर ती गादी नव्हे, गाठोडं.

झाल्यावर स्वतः बसून पाहिली. फर्स्ट क्लास. तशी सीट आता कोणी करत नाही. उठताना भिंतीचा आधार घेतला तो सहज.

९ मार्च, रविवार

उद्घाटन. बायको, मी, समोरच्या घरातली बाई. त्या बाईला मी बोलावलं नव्हतं. तिला दार उघडल्याचा आवाज पुरतो.

मुकादम आला. हुंगलं. गादीला वळसा घातला आणि शेजारी पडलेल्या पोत्यावर जाऊन आडवा झाला. ज्यात फोम गुंडाळून आणला ते पोतं. समोरची बाई म्हणाली, त्याला पोतं आवडलं वाटतं. मी म्हणालो, सवय व्हायला वेळ लागतो. ती म्हणाली, हो, पोत्याची झालीच की.

पोतं उचलून गॅलरीत टाकलं. मुकादम फरशीवर. आता हा माझ्याविरुद्ध फितला आहे, आणि फितवणारं माणूस याच घरात पोळ्या लाटतं.

११ मार्च, मंगळवार

त्याला उचलून गादीवर ठेवला. रेक्झिनवरून मागचे पाय दोन दिशांना गेले आणि तो हळूहळू घसरत खाली आला, तोंडावरची रेषही न हलवता. दोष गादीचा नाही, नखांचा.

उपाय सुचला. चारी बाजूंनी उंच लोड. बसच्या शेवटच्या बाकाला असतो तसा आधार, म्हणजे माल आतच राहील.

१३ मार्च, गुरुवार

लोड बसवले. दणकट झाले आहेत. आता मुकादमाला ते ओलांडता येत नाहीत. पुढचे पाय वर ठेवतो, मागे वळून स्वतःच्याच ढुंगणाकडे बघतो आणि नाद सोडतो.

डॉक्टरणीकडे गोळ्या आणायला गेलो तेव्हा बायकोने मध्येच गादीचं सगळं पुराण सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, एक बाजू मोकळी ठेवा, वर कापड घाला, आत मऊ भरा. मी म्हणालो, एक बाजू मोकळी ठेवली तर पायपिंग कुठे संपवायचं? त्यावर तिने गोळ्या मोजायला घेतल्या. मग माझ्या चालण्याकडे बघून म्हणाली, आजोबा, तुमचाही गुडघा दाखवून घ्या कुणाला तरी. मी म्हणालो, तू जनावरांची डॉक्टर आहेस, मी जनावर नाही. बायकोला नेमका तेव्हाच खोकला आला.

१६ मार्च, रविवार

मेव्हणा आला. न कळवता. शर्ट इस्त्रीचा, पायात कुरकुरणारे बूट. मुकादम त्याला बघून शेपूट हलवतो. या घरात अन्न कोणाचं खातो ते विसरतो.

मेव्हण्याने विचारलं, दाजी, मी आणलेली गादी उघडलीत का? मी सांगितलं, रोज वापरात आहे. कुठे आहे? म्हटलं, धुवायला. मग त्याने माझी गादी पाहिली, लोड ओलांडून तिच्यावर बसला, थोडं वरखाली झाला आणि विचारलं, "दाजी, ही कोणत्या गाडीची काढली?"

बायको हसली. चहा प्यायलाही मी बाहेर आलो नाही. आत आणून दिला तो प्यायलो.

१९ मार्च, बुधवार

लिहून ठेवण्यासारखा दिवस. मुकादम सकाळी कण्हला नाही. उठला, अंग ताणलं, जिना न थांबता उतरला, फाटकापर्यंत गेला आणि सायकलवाल्यावर भुंकला. किती दिवसांनी भुंकला.

गादी लागू पडली. तो गादीवर झोपत नाही हे खरं, पण समोर असली की परिणाम होत असणार. डोळ्यांसमोर व्यवस्थित वस्तू असली की शरीरालाही शिस्त लागते. बायकोला हे समजावलं. ती हो म्हणाली. भांडत नाही म्हणजे पटलं.

मुकादमाच्या अंगावर हल्ली राखाडी लव दिसते. वय झालं, केस पिकतात. माझे नाही का पिकले.

२१ मार्च, शुक्रवार

प्रगती चालू. दुपारी मी जरा डोळा लावतो, तेव्हा मुकादम आतल्या खोलीत असतो. बायको दार लावून घेते. उजेडाने त्याला त्रास होतो म्हणे. बाहेर येतो तेव्हा चेहरा कसा ताजा असतो. शिडी माळ्याला लावलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, जळमटं काढते. या बाईला स्वच्छतेचं वेड आहे.

डॉक्टरणीला फोन करून सुधारणा कळवली. तिला आनंद झाला. विचारलं, कोणती गादी घेतलीत? मी कडक फोम, रेक्झिन, लोड, सगळं सांगितलं. ती म्हणाली, परत एकदा सांगा. थक्क झाली असणार.

विचार पक्का: कुत्र्यांच्या गाद्यांचं काम सुरू करायचं. फाटकावर पाटी. मेव्हण्याच्या गल्लीतून पहिलं गिऱ्हाईक मिळवायचं.

२३ मार्च, रविवार

नुसत्या दर्शनाने एवढा फरक, तर वर झोपला तर पाय पुरते बरे होतील. प्रश्न फक्त तो वर थांबण्याचा. म्हणून पट्टा शिवला. सीटला असतो तसाच, रुंद, बकलसकट. बांधण्यासाठी नव्हे, सवय लागण्यासाठी.

मुकादमाला उचलून आत ठेवला आणि पट्टा लावला. घट्ट नव्हता. पण तो जे ओरडला ते फाटकापर्यंत गेलं. समोरची बाई पदराला हात पुसत दारात. बायको आतून आली. माझी कात्री उचलली. ती कात्री दुकानातही कोणी हातात घेत नसे. तिने पट्टा कापला, मुकादमाला कडेवर घेतला, तिला वजन झेपत नाही तरी, आणि मग बोलली.

"अहो, माणसाला झोप लागू नये म्हणून जन्मभर सीटा केल्यात. या जिवाला तरी झोपू द्या."

समोरची बाई ऐकत होती. ती नसती तर मी उत्तर दिलं असतं.

२४ मार्च, सोमवार

मेव्हणा गाडी घेऊन आला. बायकोची पिशवी भरलेली होती. मी म्हणालो, महिना संपला नाही अजून, शब्द म्हणजे शब्द. ती म्हणाली, महिन्याचं राहू द्या, डब्यात भाकरी आहे.

मग आतल्या खोलीतून मेव्हण्याने राखाडी गादी उचलून आणली. पिशवीत नव्हती. मधोमध खळगा पडलेला, मुकादमाच्या मापाचा, आणि सगळीकडे त्याचे केस. मुकादम त्या गादीमागे स्वतः गाडीपर्यंत चालत गेला, स्वतः चढला. मला वाटलं एकदा मागे बघेल. गादी नीट ठेवली की नाही ते बघत होता.

वर येऊन शिडी लावली. माळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी जिथल्या तिथे. आत माझे जुने स्वेटर भरून गोल केलेले. भरण्याचं काम चांगलं आहे. माझ्या हाताखालून शिकली.

२५ मार्च, मंगळवार

शांतता. बरं वाटतं. कोणी कण्हत नाही, कोणी खोकत नाही. भाकरी संपली.

२७ मार्च, गुरुवार

दुपारी पाठ धरली म्हणून मुकादमाच्या गादीवर पडून पाहिलं. डुलकी लागली नाही. कडक काम, शंका नको. पण उठता येईना. लोड उंच, गुडघा वळेना, धरायला काही नाही. शेवटी अंग लोटून बाहेर आलो तो फरशीवर, हातांपायांवर. तसाच काही वेळ होतो. त्याला रोज उठताना हे असं होत असेल हे ध्यानात आलं नव्हतं.

मग कात्री घेतली आणि एक बाजू उसवली.

२८ मार्च, शुक्रवार

फोन केला की तुझा भाऊ उचलतो आणि 'बोला दाजी' म्हणतो. त्याच्याशी काय बोलणार. म्हणून हे पान फाडून समोरच्या बाईच्या हाती देतो आहे. ती शनिवारी तिकडे बाजाराला येते. वाचल्याशिवाय देणार नाही, पण इलाज नाही.

इथे सगळं ठीक आहे. गुडघ्याला काही झालेलं नाही. गादीची एक बाजू मोकळी केली आहे, रेक्झिन काढलं, आत माझे स्वेटर भरले, वर ते पोतं घातलं. पायपिंग तीन बाजूंनीच आहे. दिसायला वाईट दिसतं. पण त्याला काय कळतंय.

तुझ्या भावाची गादी वाईट नाही. भावाला सांगू नकोस.

मुकादम कुठल्या कुशीवर झोपतो ते बघ. उजव्या असेल तर त्या बाजूला थोडं जास्त भरतो. नाहीतर उगाच उसवावं लागेल. त्याचं कळव. तू कधी येणार तेही त्यातच कळव, म्हणजे दोनदा लिहायला नको. लवकर निरोप पाठव. मी दुपारी झोपत नाही हल्ली, दाराशीच असतो.