धोत्र्याला परंपरा म्हणणारा माणूस

माय, काल मी दवाखान्यात एका माणसावर ओरडले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आवाज कधी चढवला नव्हता. तुला सांगितल्याशिवाय हा राग उतरायचा नाही.

परवा दुपारी ब्रह्मपुरीच्या आमच्या दवाखान्यात जीपमधून पन्नाशीच्या एका गृहस्थांना आणलं. नागपूरचे, कॉलेजात शिकवणारे. तोंड लालबुंद, अंग तापलेलं, लघवी अडलेली, डोळ्यांच्या बाहुल्या ताणून मोठ्या झालेल्या. हवेतून काहीतरी वेचायचे आणि माझ्या हातात ठेवायचे. दोघांनी धरल्यावर कुठे सलाइन लागलं. सोबतची बहीण रडत सांगत होती, की त्यांचा तरुण मुलगा गेला तेव्हापासून त्यांचं कशातच मन लागत नाही. जंगलाकडच्या एका रिसॉर्टवर शिबिर होतं. तिथे झाडाचा काढा देतात, त्यानं आत्म्याची जखम भरते, गेलेलं माणूस भेटतं, असं कळलं म्हणून दोघं आले होते. कोणतं झाड, ते तिला माहीत नव्हतं. मला बघताच कळलं. धोत्रा.

डोळ्यांपुढे आलं: मी नऊ वर्षांची आहे. आपल्या अंगणात भातुकली मांडून त्यात धोत्र्याचं काटेरी फळ चिरून ठेवलं आहे, भाजी म्हणून. तू भाताच्या रोवण्याहून चिखलाच्या पायांनी येतेस, ते बघतेस आणि माझ्या थोबाडीत मारतेस. मग राखेनं माझे हात घासतेस, कातडी सोलवटेपर्यंत. "हे महादेवाले वाहाचं पोरी. पोटात घ्याचं नाई. माणूस येडा होते, मरते." आसपासच्या चार गावांतली माणसं तुझ्याकडे औषधाला यायची. सुजलेल्या गुडघ्यावर धोत्र्याचं पान गरम करून तूच बांधायचीस. पण कोणाच्या तोंडात त्या झाडाचा थेंब तू कधी जाऊ दिला नाहीस.

काल सकाळी त्या शिबिराचा माणूस आला. पांढरा सुती कुर्ता, गळ्यात रुद्राक्ष, बोलणं अगदी मऊ. "सिस्टर, कागदावर जेवणातून विषबाधा लिहा ना. उगाच एका प्राचीन परंपरेची बदनामी होईल. इथल्या जंगलातल्या लोकांचं हजारो वर्षांचं ज्ञान आहे हे."

"कोन सांगतलं तुमाले?" माझ्या तोंडून आपली बोली कधी निघाली, कळलंच नाही.

"गावातली एक म्हातारी होती म्हणे. मोठी जाणकार."

"नाव काय तिचं?"

नाव त्याला माहीत नव्हतं. गाव माहीत नव्हतं. मग मी ओरडले. "माही माय हेच काम करे! तिनं कोणाले असं पाजलं नाई! तुमचं पाप तिच्या डोक्यावर काऊन टाकता?" सगळा वॉर्ड बघत होता. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, धोत्रा असंच लिहिलं आणि पोलिसांना फोन लावला. तो माणूस तोवर गाडीत जाऊन बसला होता.

राग त्या एकट्याचा नाही, माय. तू एका बाईच्या पायाला पाला बांधून तिला आमच्या आरोग्य केंद्रावर घेऊन आली होतीस, आठवतं? मी तेव्हा नवी होते. तिथल्या डॉक्टर साहेबांनी तो पाला सगळ्यांदेखत कचऱ्यात फेकला, तुला अडाणी म्हणाले. मी ट्रे धरून उभी होते, गप्प. तुझा पाला अंधश्रद्धा, आणि याचं विष साधना! तुझ्या हातात असलं की थू म्हणायचं, आणि तेच रिसॉर्टच्या पितळी भांड्यात आलं की डोळे मिटून प्यायचं!

आणि शेजारच्या काकूचं बाळ गेलं, तिनं बोलणं सोडलं, तेव्हा तू काय दिलं होतंस? काही नाही. रोज संध्याकाळी तिच्या ओसरीवर जाऊन तांदूळ निवडत बसायचीस. मी विचारलं, "तिले औषध काऊन नाई देत?" तू म्हणालीस, "तिले काय द्याचं? कोणी बसाले पायजे तिच्यापाशी." दिवाळीनंतर ती पहिल्यांदा बोलली. तांदूळ पाखडायला सूप मागितलं तिनं.

ते सर आज दुपारी शुद्धीवर आले. बहीण चहा आणायला खाली गेली होती. मी सलाइन काढत होते. कोणी जवळ नाही असं बघून मी हळूच विचारलं, "सर, दिसला का मुलगा?"

ते छताकडे बघत म्हणाले, "नाही. नुसत्या मुंग्या दिसत होत्या. भिंतभर."

मी मान हलवली आणि सुईच्या जागी कापूस दाबून धरला. तू गेलीस, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. ते हो म्हणाले असते, तर त्या शिबिराचा पत्ता मी विचारून घेतला असता, माय. तुझ्यासाठी.