मुक्ताबाईच्या हनुवटीवरचं गोंदण

४ नोव्हेंबर
ऋतुराजचा फोन. मोबाईलवरच्या मालिकेत चेटकीण आहे, मेकअप मी करायचा. आमच्या केम गावचाच पोरगा, पण मी कोण हे त्याला ठाऊक नाही. मुक्ताबाईचा नातू! लगेच हो म्हणाले.

५ नोव्हेंबर
आईला सांगितलं नाही.

मी सहा वर्षांची होते. मुक्ताबाईचं तान्हं बाळ तापानं गेलं. आदल्या दिवशी आईने त्याला मांडीवर घेतलं होतं. मुक्ताबाई आईचं नाव घेऊन ओरडली, 'बजीची नजर लागली, तिनंच खाल्लं माजं लेकरू' — एवढं पुरलं! बारशाची बोलावणी बंद. आई दिसली की बायका पोरं पदराखाली घ्यायच्या. शेवटी सोलापूर गाठलं.

अजूनही गावात कुणाला मूल झालं की आई कुंची शिवून पाठवते. परत येते. ट्रंक भरलीय. मला त्या ट्रंकेकडे बघवत नाही.

९ नोव्हेंबर
ऋतुराजची यादी — पांढरे मोकळे केस, लांब नखं, उलटे पाय. म्हटलं, उलटे पाय हडळीचे असतात! 'लोकांना हेच लागतंय की ताई.' सगळ्या चेटकिणी म्हाताऱ्या, एकट्या, गरीब. एखाद्या सरपंचाला का नाही कुणी चेटूक करताना दाखवत? दिवसभर डोकं तडकलं होतं.

१० नोव्हेंबर
नटीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके काढले. डाव्या भुवईवर मस. चाळीस वर्षांत तो चेहरा विसरले नाही मी. ऋतुराज खूश — 'लई भारी! कुटंतरी बघितल्यासारखी वाटतीय.' गाढवाला स्वतःची आजी ओळखू आली नाही!

२ डिसेंबर
भाग आला. गावाने ओळखलं! गावातल्या ज्ञानबाकाकांचा फोन — 'पोरं मुक्ताच्या दारात चेटकीण चेटकीण वरडत्यात.' मी शिरा केला. आईने विचारलं, कशाचा? म्हटलं, असाच.

९ डिसेंबर
परत काका. मुक्ताबाईच्या थोरल्या नातवाला मुलगा झालाय. नातसुनेच्या माहेरच्यांनी बजावलं, बाळ म्हातारीच्या मांडीवर द्यायचं नाही. परवाच्या बारशाला तिला मागच्या खोलीत बसवणार.

बसू दे! पोटभर जेवले आज.

१० डिसेंबर
आईला सगळं सांगितलं, भागही दाखवला. वाटलं, मला जवळ घेईल. तिने मोबाईल पालथा ठेवला. 'ही मुक्ता की,' एवढंच म्हणाली.

११ डिसेंबर
आई केमला गेली, ट्रंकेतली एक कुंची घेऊन. 'मुक्ताजवळ कुणीतरी बसाय पायजे.' मीही चप्पल घातली. तिने दारातच अडवलं —

'तू नगं येऊस, वैजे. लेकराला तुजी नजर लागंल.'