मी हात वर केले तेव्हा

रविवार, १२ मे

हरलेल्या संघाचे खेळाडू मला तोंडावर "आंधळी" म्हणाले. मला! आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते ती मी.

बेसबॉलचा अंतिम सामना, शेवटचा डाव, पंच मी. एसटी डेपोचा संघ एका धावेने मागे, दोघे बाद, त्यांचा एक जण दुसऱ्या बेसवर. फटका सरळ समोरच्या बेकरी संघाच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, तोंडावर गेला. तो कोसळला, हालेना. चेंडू लांब गडगडत गेला. डेपोवाला तिसरा बेस ओलांडून होमकडे, बरोबरीची धाव पुरी करायला, पळत होता — मी दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. पिचरला दोघांनी उचलून नेलं. धावणाऱ्याला मी तिसऱ्या बेसवर परत पाठवलं. पुढचा फलंदाज बाद. डेपो हरला.

डेपोचा प्रशिक्षक कोण, तर माझा सख्खा दीर. "वहिनी, धाव पुरी होऊ द्यायची. चार सेकंदांचा तर प्रश्न होता."

चार सेकंदांत माणूस जातो, भाऊजी.

सोमवार, १३ मे

दीरांनी नियमपुस्तिकेतल्या ओळीचा फोटो पाठवला — चालू खेळ पंचाने थांबवू नये. खालची ओळ शिताफीने कापलेली — जिवाला धोका दिसल्यास तत्काळ थांबवावा. वा रे वा.

बुधवार, १५ मे

स्पर्धा समितीचं पत्र. शनिवारी संध्याकाळी खुलासा द्या, तोवर पंच म्हणून उभं राहायचं नाही. अकरा वर्षं उन्हात उभी राहिले त्याचं हे फळ.

नवरा म्हणतो, "माफीचे दोन शब्द लिही आणि मिटव." कशाची माफी? ताटावरून उठले.

गुरुवार, १६ मे

दीर आले. बसले नाहीत. "माझ्या खेळाडूंचे वर्षभराचे कष्ट तुम्ही पाण्यात घातले." मी विचारलं, तुमचा कोणी पडला असता तर? पाणीही न घेता गेले.

शुक्रवार, १७ मे

खुलासा लिहिला. तीन पानं. एक शब्द मागे घेणार नाही.

शनिवार, १८ मे

सकाळी दुकान उघडत होते, तोच बेकरीचा पिचर आला. चेहऱ्यावर सूज नाही, ओरखडाही नाही.

"ताई, चेंडू हातमोज्याला लागून गेला होता. डेपोवाला होमला पोचणार हे दिसलं, म्हणून तुम्ही खेळ थांबवावा यासाठी पडून राहिलो."

समितीपुढे सांगशील? खाली बघत "हो" म्हणाला.

तीन पानं फाडली. नव्या कागदावर दोनच ओळी लिहिल्या — ती धाव डेपोची होती. आणि पुन्हा कोणी असा पडला, तर मी खेळ थांबवणारच.