पांढऱ्या रेघेची जागा

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दादा लिहितो, की टीव्हीचा आवाज तुम्ही रोज एकेक घर वाढवत नेता आणि कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की फुरंगटून बसता. शोभतं का हे?

बेकरीवाल्या काकांची व्हॅन अखेर बंद पडली. इंजिनाला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढला, तर खालच्या गिअरचे दात झिजून पात्यासारखे झालेत. ठिणगी वेळेवर पडणार कशी? नवा गिअर मागवला आहे. तुमची अट ध्यानात आहे: माल भरलेली व्हॅन दवाखान्याचा चढ न खडखडता चढली तर गॅरेज माझं, नाहीतर पंधरा तारखेला गॅरेज विकत घेणाऱ्या टाइल्सवाल्याच्या कागदावर तुमची सही. व्हॅन चढेल. तुम्ही आपले निवांत राहा, आणि लोभ टीव्हीच्या आवाजासारखाच वाढता ठेवा.

तुमची ठमी

दि. ७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

निवांत कसला राहतोय! तू ठिणगीचं टायमिंग तुझ्या त्या लुकलुकत्या दिव्यावर लावणार, मी उभा जन्म कानावर लावलं. ते कान गेले म्हणून तर विकायला निघालो. आता जास्त डोकं चालवू नकोस. डिस्ट्रिब्युटरवर मी पांढरी रेघ ओढली आहे आणि तिच्याखाली इंजिनावरही. नवा गिअर बसला, की रेघेला रेघ जुळव आणि आवळून टाक.

तुझी वहिनी चहात साखर घालत नाही, त्यामुळेही तुझी आठवण येते. जपून काम कर, बोटं सांभाळ.

तुझे बाबा

दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र खुर्चीत बसून वाचा.

गिअर बसवला. तुम्ही म्हणालात तशी रेघेला रेघ जुळवली आणि काल पावाचे क्रेट भरून आम्ही निघालो. निम्म्या चढावर इंजिन असं खडखडायला लागलं, की काकांनी गाडी कडेला घेऊन कपाळाला हात लावला. मला रडू फुटलं. वाटलं, गेलं आपलं गॅरेज.

परत आल्यावर फडक्याने इंजिनावरचं तेल पुसलं, तर तुमच्या रेघेशेजारी दुसरी रेघ, जरा पुसट. तिच्या पलीकडे तिसरी, त्याहून पुसट. मग डोक्यात प्रकाश पडला. बारा वर्षं गिअर झिजत होता, ठिणगी उशिरा पडत होती आणि तुम्ही दर खेपेला डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून इंजिनावर नवी रेघ ओढत होता. कान तुमचा एकदाही चुकला नाही. पण आत काय झिजतंय ते बघायला तुम्ही डिस्ट्रिब्युटर एकदाही बाहेर काढला नाहीत, बाबा. नव्या गिअरला तुमची शेवटची रेघ म्हणजे ठिणगी फारच लवकर, म्हणून तो खडखडाट.

तेव्हा माझा दिवा लावला, त्याच्या उजेडात डिस्ट्रिब्युटर फिरवत इंजिनाच्या पुलीवरची खाच बरोबर आकड्यावर आणली आणि आवळलं. डिस्ट्रिब्युटरवरची रेघ कुठे जुळली माहीत आहे? तुमच्या सगळ्यात पहिल्या, पुसट रेघेवर. केसभरही फरक नाही!

आज तेवढाच माल भरून चढ चढलो. काका हळू शीळ घालत होते, तीही मला स्वच्छ ऐकू आली.

रागावलात तर रागवा, पण सही करू नका.

तुमची ठमी

दि. १४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं आणि लाज वाटली. तिसऱ्यांदा तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने चहात दोन चमचे साखर घातली.

टाइल्सवाल्याला नकार कळवला आहे. गॅरेज तुझं. नंतरच्या दोन्ही रेघा घासून काढ, पहिली तेवढी राहू दे.

उद्या दादाबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे जातो. आवाज वाढवत नेणं पुरे झालं. पुढच्या रविवारी तिकडे येईन. काकांना सांग, पुढची सीट माझी. चढावरची त्यांची शीळ मलाही ऐकायची आहे.

तुझे बाबा