निरोगी नमुना

गुरुवार, १४ नोव्हेंबर. मयूर विहार.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. रुग्णांच्या पेशींशी तुलना करायला लॅबमध्ये निरोगी नमुना लागतो, म्हणून मी माझ्याच दंडाची त्वचा दिली होती. आमच्याकडे सगळेच देतात. आज स्लाइड पाहिली तर माझ्या पेशींची केंद्रकं वेडीवाकडी, कडेला कोंब फुटल्यासारखी. केंद्रकाला आतून आकार देणारं लॅमिन हे प्रथिन बिघडलं की असंच दिसतं. शेजारच्या टेबलावरची रश्मी म्हणाली, "यार, स्लाइड बदल गई होगी." दुपारी नव्याने रंगवून पाहिली. तेच.

आणि मग आठवला बाबांचा कोपर. तो पूर्ण सरळ होतच नाही. ऑफिसच्या फायली काखेत धरून धरून हात तसा झाला, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं हसत आलो. लॅमिनच्या या आनुवंशिक आजारात आधी कोपर आखडतात, मग हृदयाचे ठोके चुकायला लागतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते! आणि घरात दिसलं नाही?

संध्याकाळी चहा देताना म्हटलं, "बाबा, हात सरळ करा बघू."

"एवढाच होतो गं. तुझ्या आजोबांचाही असाच होता."

पुन्हा तो कोपर. उद्या त्यांना ईसीजीला न्यायचंच, पण काय सांगून? मी त्यांचा कोपर धरूनच बसले.

त्यांना वाटलं, मला आजोबांची आठवण आली. पाठीवर थोपटत म्हणाले, "पुण्यवान माणूस. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. मलाही तसंच मरण यावं."